गडग्यावर ठेवलेलं स्केचबुक

आमच्या आणि शेजारच्यांच्या आवारांमध्ये चिऱ्याचा गडगा आहे. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हा त्याचे वरचे दोन थर एका जागी ढासळले. ते ना त्यांनी बांधले ना आम्ही. त्यामुळे तेवढ्यापुरता गडगा कमरेइतका झालाय आणि त्याच्यावर वाटी, सुपली, पेपर आणि दोन्ही बाजूंची कोपरं टेकता येतात. गावातल्या निम्म्या बातम्या त्या भगदाडातून येतात.

परवा संध्याकाळी तिथून वालाच्या उसळीची वाटी आली. वाटीमागून वहिनी.

"सर, एक विचारू का? पण घरी कुणाला बोलू नका."

उसळीबरोबर येणारा प्रश्न कधी साधा नसतो. मागे याच वाटीतून बोअरवेलचा विषय आला होता आणि तो तहसील कचेरीपर्यंत गेला.

"आमच्या पोरीला पेंटिंग करायचंय."

"मग करू दे की. भिंती तुमच्याच आहेत."

"तसलं नव्हे हो! बारावीनंतर. कॉलेजात जाऊन. चार वर्षं." वहिनींनी 'चार वर्षं' असं म्हटलं, की मला वाटलं शिक्षाच झालीय पोरीला. "ह्यांना अजून माहीत नाही. ह्यांच्या डोक्यात फार्मसी आहे. तुम्ही तीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवलीत, तर तुम्हीच सांगा, कुठलं कॉलेज चांगलं? म्हणजे एकदम चांगलं. पहिल्या नंबरचं."

पहिल्या नंबरचं. मी आधी उसळ खाऊन घेतली.

खरं तर पोरीचं हे खूळ मला नवीन नव्हतं. इंटरमिजिएटला तिला ए ग्रेड मिळाली, तेव्हा घरात पेढे वाटले होते, पण ते दहावीच्या टक्क्यांत सात गुण वाढणार म्हणून. चित्रासाठी नव्हे. आपल्याकडे ग्रेड परीक्षेचा उपयोग असा आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती असं सगळं मूल शिकतं, सात गुण पदरात पाडून घेतं आणि रंगपेटी माळ्यावर जाते. हिची पेटी माळ्यावर गेली नाही, एवढाच काय तो फरक.

"वहिनी, आधी मला सांगा, तुमच्या मनात कुठलं आहे?"

"माझ्या नणंदेचं घर सदाशिव पेठेत आहे," वहिनी लगेच म्हणाल्या. म्हणजे निकाल लागलेलाच होता, मला फक्त सही करायची होती. "तिथून टिळक रोडवरचं अभिनव चालत पाच-सात मिनिटं. जेवायखायची चिंता नाही. आणि म्हणे उपयोजित घेतलं तर नोकरी पण लागते. जाहिरातीत, कम्प्युटरवर."

अभिनव वाईट नाही. पुण्यातलं जुनं आणि नावाजलेलं कॉलेज आहे. पण वहिनींनी एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या होत्या आणि हा घोळ घरोघरी होतो. उपयोजित कला, म्हणजे लोक अप्लाइड म्हणतात ती, वेगळी आणि रेखा व रंगकला, म्हणजे पेंटिंग, वेगळं. प्रवेश एकाच खिडकीवर, पहिलं वर्ष बऱ्याच ठिकाणी सारखंच, म्हणून लोकांना वाटतं की पुढे काय, कुठलीही शाखा घ्या. मी पाहिलंय, पेंटिंगचं वेड असलेली पोरं 'नोकरी लागते' म्हणून अप्लाइडला जातात आणि दुसऱ्या वर्षी साबणाच्या वड्यांची पाकिटं आखताना रडकुंडीला येतात. तसाच अप्लाइडचा हात असलेला मुलगा पेंटिंगला गेला, तर कोऱ्या कॅनव्हाससमोर बसून माश्या मारतो. नणंदेचं घर जवळ आहे, हे दोन्हींपैकी एकाही शाखेचं कारण नाही.

"असं कसं? मुलीची जात आहे, सर. राहायचं कुठे हा पहिला प्रश्न."

यावर मी गप्प बसलो, कारण प्रश्न खरा होता. चित्रकारांच्या चरित्रांत तो नसतो. आईच्या डोक्यात असतो.

एवढ्यात पडवीतून आजी आल्या. त्यांना ऐकू कमी येतं, पण गडग्यावरचं नेमकं येतं.

"जेजे," आजी म्हणाल्या. "मुंबईचं. आमच्या वेळी चित्र म्हणजे जेजे. दुसरं काय असतं?"

आजींच्या वेळचं सोडा, माझ्याही वेळी तसंच होतं. सर जमशेदजी जीजीभॉय यांनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली शाळा सुरू झाली. कोल्हापूरहून महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तिथे शिकायला गेले आणि विद्यार्थी, मग शिक्षक, मग वरच्या खुर्चीपर्यंत असे तिथेच राहिले. त्यांनी आठवणी लिहिल्या त्या पुस्तकाचं नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे'. रझा आधी नागपूरला शिकले आणि मग जेजेला आले. बी. प्रभा, नागपूरजवळच्या बेल्याची मुलगी, तीही त्याच वाटेने आली. गायतोंडे तिथले. नलिनी मलानी तिथली. साळगावच्या सूझाला बेचाळीसच्या चळवळीच्या पायी तिथूनच काढून टाकलं, तर त्याने १९४७ मध्ये मित्रांना गोळा करून प्रोग्रेसिव्ह ग्रुप उभा केला. म्हणजे जेजेत राहूनही माणूस मोठा होतो आणि हाकलला गेला तरी होतो. आवारातच रुडयार्ड किपलिंग जन्मला हेही लोक आवर्जून सांगतात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत. पण त्याचा आपल्या पोरीच्या जलरंगांना काय उपयोग, ते मला समजलेलं नाही.

"गायतोंडे म्हणजे तेच ना, कोटींना गेलं ते?" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या मोबाइलवर सगळं येतं.

"तेच. २०१३ मध्ये मुंबईत लिलाव झाला. तेवीस कोटी सत्तर लाख."

"बघा! म्हणजे पैसा आहे यात."

"गायतोंडे २००१ मध्ये गेले, वहिनी."

वहिनी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग कोणाला मिळाले ते?" हा प्रश्न चित्रकलेच्या अभ्यासक्रमात लावायला हरकत नाही.

पोटाचं काय, हे मला त्यांना नीट सांगायचं होतं आणि त्यासाठी गायतोंड्यांपेक्षा बरवे बरे. प्रभाकर बरवे आपल्या रायगडातल्या नागावचे. जेजेतून १९५९ मध्ये बाहेर पडले आणि विणकर सेवा केंद्रात लागले. आधी बनारसला, मग मुंबईला. दिवसा हातमागाच्या कापडाची डिझाइनं करायची आणि घरी येऊन आपली चित्रं. पगार सरकारी. त्यांची चित्रं पाहा, त्यात घड्याळ, पान, पिन, लिफाफा असल्या कचेरीतल्या टेबलावरच्या वस्तू हवेत तरंगत असतात. मला नेहमी वाटतं की ती नोकरी त्या चित्रांत आहे. कोणी म्हणेल, माझी समजूत आहे. असेल. पण 'पेंटिंग केलं की उपाशी मरतो' याला ते उत्तर आहे, आणि 'पेंटिंग केलं की कोटी मिळतात' यालाही तेच उत्तर आहे. त्यांनी 'कोरा कॅनव्हास' नावाचं मराठी पुस्तक लिहिलंय. पोरीला ते मी आधीच दिलंय. तिने परत केलेलं नाही, यावरून मी माझा अंदाज बांधला.

आता जेजेबद्दल दोन खरी वाक्यं. पहिलं, तिथे हात तयार होतो. व्यक्तिचित्र, मॉडेल समोर बसवून केलेलं रेखाटन, मान, खांदा, कोपराचं हाड. ही तिथली जुनी शिस्त आहे आणि ती अंगात मुरते. दुसरं, तिथे कॉलेज कमी आणि मुंबई जास्त शिकवते. फाटकातून बाहेर पडून फोर्टात चालत गेलं की काळा घोडा, तिथे जहांगीर, १९५२ पासूनची. शेजारीच म्युझियम. रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय. गावातली मुलगी आयुष्यात पहिल्यांदा खरं तैलचित्र पाहते, छापील नव्हे, जवळ जाऊन रंगाचा थर दिसतो असं, तेव्हा तिच्यात जे होतं, ते कुठल्याही प्राध्यापकाला तासात करता येत नाही. मला ते बाविसाव्या वर्षी झालं. फार उशिरा.

"पण सर, ते आता विद्यापीठ झालंय ना?"

झालंय. २०२३ मध्ये आर्किटेक्चर आणि डिझाइनसकट अभिमत विद्यापीठ झालं. म्हणून त्यांच्या प्रवेशाची सूचना त्यांच्याकडूनच वाचायची, शेजारणीच्या भाच्याने अमक्या साली काय केलं, त्यावर विसंबायचं नाही. राज्यातल्या बाकीच्या कॉलेजांना सरकारची सीईटी आहे. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान.

सीईटीचं नाव निघताच वहिनींनी आवाज खाली आणला. गावातल्या एका क्लासची चौकशी त्यांनी करून ठेवली होती. फी ऐकून मी वाटी खाली ठेवली. क्लासला माझा विरोध नाही, वेळ लावून काम करायची सवय होते. पण एकदा मी अशाच कुठल्याशा क्लासच्या मुलांची स्मरणचित्रं पाहिली. विषय 'बसथांब्यावरील दृश्य'. एकूण चाळीस चित्रं. चाळीसही चित्रांत डावीकडे छत्री घेतलेला म्हातारा, मधे पोराचा हात धरलेली बाई, उजवीकडे अर्धी एसटी. चाळीस मुलांना एकच म्हातारा कसा आठवतो? आपल्या स्टँडवर जाऊन तासभर बसलं, तर मासळीच्या पाट्या, कंडक्टरची चिडचिड, बाकड्यावर झोपलेला कुत्रा, काय काय दिसतं. पण म्हातारा पाठ असला की स्टँडवर जावं लागत नाही.

आणि हे मी कोणत्या तोंडाने बोलतो, तेही सांगून टाकतो. मी ज्या कॉलेजात शिकलो, त्याचं नाव घेत नाही, ते अजून चालू आहे आणि तिथली आताची माणसं वेगळी आहेत. आमच्या वेळी पेंटिंगला सलग दोन वर्षं कायमचा शिक्षकच नव्हता. जागा रिकामी. शनिवारी एक सर यायचे, तेही एसटी वेळेवर असली तर. ते निसर्गचित्र उत्तम करायचे, वादच नाही. आम्ही त्यांना पाहून पाहून शिकलो. त्यांच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एक होडी असायची, किंचित कललेली. आम्हा अठरा जणांच्या चित्रांत ती आली. आज पंचेचाळीस वर्षं होत आली, मी वाशिष्ठीच्या काठी बसून काहीही रंगवायला घेतलं, की डाव्या कोपऱ्यात होडी येते. नदीत त्या वेळी होडी असो नसो. मी ती काढत नाही, ती येते.

म्हणून कॉलेज बघायला जाल, तर प्राचार्यांच्या केबिनमध्ये चहा घेऊन परत येऊ नका, असं मी वहिनींना सांगितलं. थेट चौथ्या वर्षाचा वर्ग विचारा. पंधरा कॅनव्हास असतील तर पंधरा हात दिसले पाहिजेत. पंधरा कॅनव्हासांवर एकाच सरांचा हात दिसला, तर सर कितीही नामांकित असोत, पोरीला घेऊन परत फिरा. मग विचारा, कायम नेमणुकीचे शिक्षक किती आणि तासावर येणारे किती. संध्याकाळी पाचनंतर वर्ग उघडा असतो की शिपाई कुलूप घेऊन उभा असतो. मॉडेल बसवतात का. ग्रंथालयातल्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते. हसू नका, मी असं कॉलेज पाहिलंय, जिथे पुस्तकांची कपाटं काचेची होती आणि किल्ली रजेवर.

"हे सगळं विचारायला मला नाही जमायचं," वहिनी म्हणाल्या.

"पोरीला विचारू दे."

तेवढ्यात पोरगीच आली. हातात स्केचबुक. आमचं बोलणं तिने किती ऐकलं होतं कोण जाणे, पण तिने वही गडग्यावर माझ्या पुढ्यात ठेवली आणि कढीलिंबाची पानं तोडायला लागली. म्हणजे बघा, पण मी इथे नाहीये.

मी उघडलं. कोंबड्या, पुष्कळ कोंबड्या. बंब. पुराची खूण असलेली भिंत, तिच्या खोलीतलीच, चिखलाची रेघ खिडकीच्या वर कुठपर्यंत गेली होती ते नीट दिसतंय. आणि मग सलग दहा-बारा पानं आजीचे हात. मे महिन्यात रातांबे फोडतानाचे. चेहरा एकाही पानावर नाही. अंगठा फळात शिरतानाचा, बिया काढतानाचा, सालं सुपात टाकतानाचा. एका पानावर बोटाची पेरं चुकली होती, मग तिने खोडलं नव्हतं, शेजारी पुन्हा काढली होती. आणखी एका पानावर तिने रातांब्याचाच रस बोटाने लावला होता. तेव्हा तो लालभडक असणार. आता तपकिरी पडलाय, वाळलेल्या जखमेसारखा.

"हा रंग उडाला," मी म्हणालो.

"माहितेय," ती पानं तोडता तोडता म्हणाली. "मी बघतेय कधी पूर्ण जातो ते. तारखा लिहिल्यात मागे."

पान उलटलं. खरंच तारखा होत्या, मे पासूनच्या, आणि प्रत्येकीपुढे रंग कसा दिसला ते दोन-दोन शब्दांत. मी पुन्हा पान सुलटं केलं. वहिनींना मी काही बोललो नाही, पण त्या क्षणी माझ्या मनात जेजेच्या पुढे बडोदा आलं.

बडोद्याचं सांगतो. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० साली निघाली. डिप्लोमा नव्हे, विद्यापीठाची पदवी. पेंटिंग विभाग उभा केला तो नारायण श्रीधर बेंद्रे यांनी. इंदूरचे, आपले मराठी. शिल्पकलेला शांखो चौधुरी, रामकिंकरांचे शिष्य. पाठोपाठ के. जी. सुब्रमण्यन आले, नंदलाल बोसांचे शिष्य. म्हणजे बडोदं हे अर्धं शांतिनिकेतनच्या माहेरचं. तिथे कलेचा इतिहास हा परीक्षेपुरता विषय नाही, मुळापासून आहे. जेजेतला मुलगा तुम्हाला विचारेल, हे कसं रंगवलंस? बडोद्याचा विचारेल, हे का रंगवलंस? दोन्ही प्रश्न चांगले आहेत. पण सतराव्या वर्षी 'का'चा मारा काही मुलांना झेपत नाही, ती बोलायला शिकतात आणि चित्र मागे राहतं. मी तसेही पाहिलेत. चित्र एवढंसं आणि त्याखालचं टिपण पानभर. रातांब्याच्या तारखा लिहिणारी पोरगी मात्र 'का'ला घाबरणार नाही, असं मला वाटलं. नसरीन मोहमदी त्या फॅकल्टीत १९७२ पासून जाईपर्यंत शिकवत होत्या. नुसत्या रेषा काढायच्या, शाईच्या, अगदी बारीक. त्या असत्या, तर हे पान त्यांनी हातात घेतलं असतं.

"बडोद्याला काहीतरी भानगड झाली होती ना?" वहिनींच्या मोबाइलवर भानगडी आधी येतात.

झाली होती. २००७ मध्ये एका विद्यार्थ्याच्या परीक्षेच्या कामावरून बाहेरची माणसं आत शिरली, मुलाला अटक झाली, देशभर गाजलं. लपवण्यासारखं काही नाही. पण बडोद्याला आपल्या मुलीला परकं वाटत नाही, हेही तितकंच खरं. गायकवाडांचं गाव. जुन्या पेठांत अजून मराठी ऐकू येते. लक्ष्मीविलासात रविवर्मा आहेत आणि कीर्तिमंदिराच्या भिंतींवर खुद्द नंदलालांनी केलेली भित्तिचित्रं. दादासाहेब फाळके जेजे करून पुढे बडोद्याच्याच कलाभवनात गेले होते, सिनेमा सुचायच्या कितीतरी आधी. प्रवेशाची परीक्षा मात्र तिथली वेगळी. आपल्या सीईटीच्या फॉर्मवर बडोदं सापडणार नाही.

"आणि ते टागोरांचं?" आता वहिनींना रस आला होता. उसळ गार झाली होती.

शांतिनिकेतन. कलाभवन १९१९ चं. नंदलाल, विनोदबिहारी, रामकिंकर. रामकिंकरांचं 'संथाळ कुटुंब' उघड्यावर उभं आहे, १९३८ पासून, सिमेंट आणि खडीचं. विनोदबिहारींनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संत रंगवले, तेव्हाही त्यांना फार कमी दिसायचं. पुढे दृष्टी पूर्ण गेली, तरी काम थांबलं नाही. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी गुरूवर माहितीपट केला. नंदलालांच्या वाढदिवसाच्या आधीचे दोन दिवस, १ आणि २ डिसेंबर, तिथे नंदन मेळा भरतो आणि मुलं आपण केलेलं काम मांडून विकतात. मला सगळ्यांत मोह तिथला आहे. पण मी तिला तिथे पाठवा असं म्हटलं नाही. इथून हावडा, हावड्याहून बोलपूर. पोरीला ताप आला, तर वहिनी पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडेल. मोह माझा आहे, ताप त्यांच्या पोरीचा असणार.

गोव्याचं मी थोडक्यात सांगितलं. पणजीला आल्तिनोवर, १९७२ पासून. लक्ष्मण पै तिथे दहा वर्षं प्राचार्य होते, पॅरिसात राहून आलेले. जागा गोड, पण गोव्याच्या मुलांना आधी प्राधान्य. कोल्हापूरचं, नागपूरचं, छत्रपती संभाजीनगरचं नाव मी घेतलं, तेव्हा वहिनी सदाशिव पेठेच्या चेहऱ्याने ऐकत होत्या.

"आणि हे आपलं सावर्ड्याचं?" हे आजींनी विचारलं. आम्ही सगळे मुंबई, बडोदं, बंगाल हिंडत होतो आणि म्हातारीने एसटीने अर्ध्या तासावरचं काढलं.

खरंच की. सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट इथे पायाशी आहे. घरून डबा घेऊन जाता येतं. कोकणातलं ऊन, पागोळ्या, चिरा, भातखाचरं, हे तिथल्या मुलांच्या जलरंगांत येतं, मी पाहिलंय. ज्याला निसर्गचित्राची ओढ आहे, त्याने मुंबईला जाऊन लोकलमध्ये लोंबकळण्याचं कारण नाही. मी तसं प्रामाणिकपणे सांगितलं. पण स्केचबुकात मला एकही निसर्गचित्र सापडलं नव्हतं. हात होते. भिंत होती. कोंबड्या. मे महिन्यापासून उडत चाललेला एक रंग.

"म्हणजे तुमचं म्हणणं काय, सर? एक नाव घ्या."

घेतलं. "पहिला फॉर्म बडोद्याचा. त्याच्या जोडीला जेजेचा. सीईटी द्यायचीच, तिच्यात पहिली पसंती पेंटिंग, अप्लाइड नव्हे. आणि यातलं काहीच नाही झालं, तर सावर्डे. सदाशिव पेठ सुट्टीत."

वहिनींनी 'सदाशिव पेठ सुट्टीत' मनाला लावून घेतलं. वाटी उचलली. मग म्हणाल्या, "आणि ह्यांना कोण सांगणार?"

पोरीचा आवाज कढीलिंबामागून आला. "बाबांना माहितेय. त्यांनीच वही घेऊन दिली."

आजी हसल्या. वहिनी हसल्या नाहीत. फार्मसीचा विषय इतके दिवस घरात दोघंही एकमेकांसाठी चालवत होते, हे गडग्यावर उघडं पडलं. आता हे गावात पसरायला दोन दिवस लागतील. मी पसरवणार नाही, पण मी हे लिहितोय, तेव्हा तसं म्हणण्यात अर्थ नाही.

ठरलं ते एवढंच. नाव नंतर, आधी डोळ्यांनी बघायचं. जेजेच्या मुलांचं वार्षिक प्रदर्शन लागलं की रात्रीची कोकणकन्या पकडायची, पहाटे सीएसएमटीला उतरायचं, चहा घ्यायचा आणि चालत जायचं. चौथ्या वर्षाच्या भिंतीपुढे पोरीला एकटीला उभं करायचं आणि आपण बाहेर थांबायचं. दुपारी जहांगीर. पुढच्या सुट्टीत वसईला गाडी बदलून बडोदं. तिचे बाबा तिकिटं काढणार आहेत.

काल त्यांनी गडग्यावरून मोबाइल दाखवला. पाच तिकिटं. ते, वहिनी, पोरगी, आजी आणि मी. आजींना खालचा बर्थ मिळालाय. माझं वेटिंगवर आहे.